कुंतीची खरड छाटणी

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या काकूंची खिडकी येते. मध्ये कंपाउंडची भिंत आहे, पण ती कमरेपेक्षा जेमतेम उंच. त्यामुळे इथे राहायला आल्यापासून आमच्या घरात काय शिजतं, कधी शिजतं आणि करपतं केव्हा, हे काकूंना आमच्या आधी कळायचं. काकू महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर वर्गातल्या पोरांवर नजर ठेवली. आता वर्ग नाही, तर आम्ही. "आज पुन्हा दोडका?" त्या खिडकीतून विचारायच्या. दोडका खरंच पुन्हा असायचा, म्हणून जास्त लागायचं.

मी सातपूरला एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये काम करते. कुठला बोल्ट कुठल्या खणात, किती उरले, पुढचे कधी मागवायचे, हे माझ्या डोक्यातही असतं आणि कागदावरही. घरही मी तसंच चालवते. फ्रिजवर रोजची यादी असते. नवरा म्हणतो, एक दिवस या यादीत माझंही नाव येईल, 'जुना माल, बदलणे' या ओळीत. मी म्हणते, घाबरू नका, त्या मापाचा दुसरा बाजारात मिळत नाही.

काकूंच्या खिडकीवर उपाय, हे काम त्या यादीत बरेच दिवस पडून होतं. आधी पडदा लावून बघितला. स्वयंपाकघरात अंधार झाला आणि काकू दारात येऊन विचारून गेल्या की घरात कुणी आजारी आहे का. मग एके दिवशी नणंदेचा फोटो आला. ती इंग्लंडमध्ये राहते. तिच्या बागेच्या कडेने एक हिरवीगार भिंतच उभी होती, पानं अशी चकचकीत, की वाटावं कुणी तेलाचा हात फिरवून गेलंय. खाली तिने लिहिलं होतं, चेरी लॉरेल. बारा महिने हिरवं, पांढरी फुलं येतात, चेरीसारखी फळं येतात आणि शेजारी दिसत नाहीत. मला शेवटचे तीन शब्द पुरले.

फोटो घेऊन मी गंगापूर रोडच्या एका नर्सरीत गेले. नर्सरीवाल्याने तो बोटांनी मोठा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे थंडीतलं झाड. आपल्या मे महिन्यात उभ्या उभ्या भाजून निघेल. कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका."

"मग याच्यासारखं दुसरं काही?"

"कुंती न्या. तीपण बारा महिने हिरवी. पांढरी फुलं, बारकी लाल फळं. वास तर असा, की रस्त्याने जाणारा थांबून विचारेल."

"शेजारी दिसतात का तिच्यातून?"

त्याला प्रश्न नीट कळला नसावा. पण "दाट होते" एवढं त्याने सांगितलं आणि मी रोप उचललं. नणंदेला मी खरं सांगितलं, तरी ती आजही फोनवर "आपलं चेरी लॉरेल कसं आहे?" असंच विचारते. मी कुंतीचा फोटो पाठवते. ती म्हणते, अगदी सेम. तिच्या डोळ्यांचा नंबर वाढलाय, हे मी भावाला सांगून ठेवलंय, म्हणजे तिच्या भावाला, माझ्या नवऱ्याला.

आमचं रो-हाऊस कोपऱ्यातलं, म्हणून बाजूला मातीची एक अरुंद पट्टी मिळाली आहे. माती काळी. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. खड्डा नवऱ्याने खणला, म्हणजे खणायला सुरुवात त्याने केली. मातीत मुरूम आणि शेणखत मिसळून मी एकच रोप लावलं, कारण खिडकी एकच होती.

कुंती सोशिक असते, पण तिला कसलीही घाई नसते. पहिली दोन वर्षं ती नुसती उभी आहे असंच वाटतं. शेंडे खुडत राहायचे, म्हणजे ती उंच पळण्याऐवजी बाजूंनी फुटते. पाणी खोडावर ओतायचं नाही, थोडं लांब, मुळांच्या घेरात द्यायचं. फुलांचा बहर झडला की वरवर छाटायचं, न्हाव्याला आपण "फक्त टोकं" म्हणून सांगतो तेवढंच. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तिने मनावर घेतलं. हळूहळू काकूंच्या खिडकीचा खालचा भाग गेला, मग गज गेले, मग काकूही गेल्या. पानांपलीकडून आवाज तेवढा यायचा, "काय गं, जंगल केलंस!" पण बहर आला की निम्मी फुलं त्यांच्या बाजूला पडायची आणि त्या वाटी घेऊन वेचायच्या. वासाबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

सगळं असं मार्गी लागलेलं असताना सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांना सगळं घर नाना म्हणतं.

नानांचं गाव निफाड तालुक्यातलं. सगळा जन्म द्राक्षबागेत गेला. सासूबाई गेल्यानंतर ते मळ्यातल्या घरात एकटेच राहत होते. एका सकाळी विहिरीजवळ मोटर चालू करताना पाय घसरला आणि त्यांना उठता येईना. पुतण्या दुसऱ्याच कामासाठी मळ्यात आला, म्हणून सापडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून नवऱ्याला रात्री फोन वाजला की धडकी भरायची. बाग पुतण्याने सांभाळायची आणि नानांनी नाशिकला यायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे नाना सोडून सगळ्यांनी. नानांनी एकच अट घातली.

"करमलं तर राहीन. नाय करमलं तर कुणी एक शब्द बोलायचा नाय. गाडीत बसवून द्यायचं."

नवऱ्याने मान हलवली. मी मनातल्या मनात यादी सुरू केली, नानांना करमण्यासाठी काय काय लागेल. टीव्ही, पेपर, देवळाजवळचा कट्टा, फिरायला मोकळं मैदान. सगळं पुरवलं. नाना पेपर उलगडायचे, घडी घालायचे. पहाटे उठून चहा घ्यायचे आणि दारापुढच्या ओट्यावर असे बसायचे, की वाटावं आता कुणीतरी बागेतून हाक मारणार आहे. हाक यायची ती काकूंची, आणि तीही मला, गॅस बारीक कर म्हणून, कारण त्यांना आता वासावरूनही कळायला लागलं होतं.

हिवाळ्यात कुंतीची पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मी खत घालायच्या विचारात होते. नानांनी एक पान तोडून उजेडात धरलं आणि आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीवरून न सांगता उठले.

"खत घालू नको. बोअरचं पाणी देतेस ना? त्यानं होतं हे. फेरस, लोह कमी पडलंय. आमच्या बागेत लय व्हायचं."

त्यांनी स्वतः जाऊन हिराकस आणलं, बादलीत विरघळवलं, लिंबू पिळलं आणि झाडाच्या घेरात ओतलं. काही आठवड्यांत नवी पानं गर्द हिरवी आली. नानांचा चेहराही जरा सुधारला. सकाळचा चहा ते आता झाडाशेजारी घेऊ लागले. मी यादीतून कुंती खोडली आणि नानांच्या नावावर केली. माझ्या हिशेबाने दोन कामं एका ओळीत संपली होती. स्टोअरमध्ये असं जमलं की आम्ही चहा पितो.

एप्रिलमध्ये एक फांदी मीटरच्या पेटीवर यायला लागली. कामाला निघताना मी म्हटलं, "नाना, ती एवढी फांदी काढाल का? मीटर बघायला येणाऱ्याच्या डोळ्यात जाईल."

"काढतो की," नाना म्हणाले.

संध्याकाळी स्कूटर वळवून आत आले आणि क्षणभर वाटलं की चुकून दुसऱ्याच्या घरी आले. समोर काकूंची खिडकी सबंध दिसत होती. गजांसकट, पडद्यासकट, काकूंसकट.

"आलीस?" काकू म्हणाल्या. "बघ आता."

कुंतीवर एकही पान नव्हतं. जाड फांद्यांचे वीत वीत खुंट तेवढे उभे होते आणि प्रत्येक खुंटाच्या टोकाला निळसर लेप होता. एखाद्या बालवाडीतल्या पोरांना निळ्या टोप्या घालून रांगेत उभं करावं, तसं झाड दिसत होतं. फांद्यांचा ढीग भिंतीकडेला नीट रचलेला. नाना नळावर कात्री धूत होते.

"नाना, हे काय?"

"खरड छाटणी," नाना म्हणाले. याहून वेगळं काय असणार, अशा आवाजात.

नाशिकच्या बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. इकडे द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. ऑक्टोबरात फळासाठी. आणि त्याआधी एप्रिलमध्ये, माल निघाल्यावर, जुन्या काड्या बुडाशी एक-दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून कापून टाकतात, म्हणजे नवीन जोमाने फुटतात. ती खरड छाटणी. एप्रिलमध्ये निफाडकडे गेलं तर मैलोन्‌मैल अशा बोडक्या बागा दिसतात आणि कापलेल्या टोकांना मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप. पन्नासेक एप्रिल नानांच्या हातांनी तेच केलं होतं. हातात कात्री आली, महिना एप्रिल होता. एक फांदी कापून ते थांबले असते तरच नवल.

"नाना, ही द्राक्षाची वेल नाही."

"झाड ते झाड. डॉक्टर काय गाव विचारून औषध देतो का?"

"बारा महिने हिरवं असतं ते. त्याची पानं कधीच झडत नाहीत."

"म्हणूनच थकलंय," नाना म्हणाले. "दोन दोन डोळे ठेवलेत प्रत्येक फांदीला. पंधरा दिवस थांब. ओळखायची नायस तू."

नवरा घरी आला. त्याने गेटमधूनच झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग नानांकडे. वर्षानुवर्षांचा संसार कामी आला. "मोकळं वाटतंय," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

"दूध उतू चाललंय तुझं," काकू समोरून म्हणाल्या. चाललं होतं.

पंधरा दिवस गेले. डोळे फुटले नाहीत. महिना होत आला तरी खुंट होते तसेच. ऊन असं होतं, की भिंतीला हात लावला तर चटका बसायचा, आणि कुंतीच्या खोडाला सावलीची सवय. नानांनी खोडाला गोणपाट गुंडाळलं, ते दिवसातून कितीदातरी ओलं करायला लागले. पाणी द्यायचे, मग पुन्हा द्यायचे. मी काही बोलले नाही. बोलायचं ते पहिल्या दिवशी बोलून झालं होतं, आणि एकच तक्रार दोनदा नोंदवायची नाही, हा आमच्या स्टोअरचा नियम आहे.

कॉलनीत मात्र असा काही नियम नव्हता. कट्ट्यावर बातमी गेली होती.

"नाना, यंदा माल एक्सपोर्टला का लोकल?"

"नाना, बेदाणा करायचा तर गच्ची देतो आमची."

पहिले काही दिवस नानांनीही तसंच उत्तर दिलं. "तुझ्या घरी पेटी पाठवतो, पैसे तयार ठेव," असं म्हणायचे आणि हसायचे. मग उत्तरं आखूड झाली. मग त्यांनी कट्ट्यावर जाणंच बंद केलं. संध्याकाळी ते झाडाकडे पाठ करून बसायला लागले.

"तू काही बोललीस का त्यांना?" नवऱ्याने विचारलं.

"मी कशाला बोलू? तुम्ही बोला ना, तुमचे वडील आहेत."

"बघू," नवरा म्हणाला. आमच्या घरात 'बघू' हा एक पूर्ण निर्णय समजला जातो.

बघायला वेळच मिळाला नाही. एका रविवारी नवरा पहिल्या पाळीला गेलेला होता. मी चहा घेऊन बाहेर आले तर नाना टोपी घालून खुर्चीत बसलेले, पायात चपला, पायाशी बॅग.

"निफाडची गाडी आता कधी हाय?"

"कशाला?"

"ठरलं होतं आपलं. एक शब्द बोलायचा नाय, गाडीत बसवून द्यायचं."

"करमत नाही का नाना?"

"एवढं साधं झाड. तू सोन्यासारखं वाढवलं होतंस. तेबी मला जगवता आलं नाय. इथं माझं काय काम, सांग बरं. तिथं निदान पडलो तरी आपल्या मातीत पडीन."

मला त्या वेळी त्या विहिरीजवळचा ओला दगड दिसला. नवऱ्याला फोन करावा, तर तो मशिनवर. नानांना विनवावं, तर ते अटीवर बोट ठेवणार, आणि अट आम्हीच मान्य केलेली. रडणं मला जमत नाही. आणि रडले असते तर नाना माझी समजूत काढून, मग गाडीत बसले असते. म्हणून मी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि कामाचं विचारलं.

"नाना, खरवडून बघितलंत का?"

काडी जिवंत आहे की नाही हे बघायला द्राक्षवाले अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडतात. आत हिरवं असलं तर जीव आहे, तपकिरी असलं तर गेली. मला हे नानांकडूनच कळलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदा मळ्यात गेले तेव्हा. म्हणजे नानांना ते सुचलं नसेल, हे शक्यच नव्हतं.

नाना चपलेकडे बघत राहिले. "नाय."

"का?"

"वाळकं निघालं तर?"

मी हात पुढे केला. ते उठले. मी गोणपाट सोडलं. पहिल्या खुंटाची साल त्यांनी खरवडली. तपकिरी. दुसऱ्याची, तपकिरी. नाना मागे वळायला लागले.

"खालची राहिली ना," मी म्हटलं.

"खालची कोण बघतं?"

"स्टॉक मोजायचा तर सगळा मोजतात."

खाली, जमिनीपासून हातभर वर, जिथून मुख्य फांद्या सुटतात तिथे त्यांनी नख लावलं. साल निघाली आणि आत एक ओलसर हिरवी रेघ दिसली. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि शेजारी आणखी एकदा खरवडलं. पुन्हा हिरवं.

बराच वेळ ते वाकून बघत होते. मग सरळ झाले आणि म्हणाले, "पाणी लय होतंय याला. कोण देतं एवढं?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढली. मी बॅग उचलून आत नेली. गाडीचं पुन्हा विचारलं नाही, त्यांनीही नाही. पण ती बॅग त्यांनी रिकामी केली नाही, हे मी रोज झाडताना बघत होते. कपडे त्यातूनच काढायचे, धुतले की त्यातच ठेवायचे.

फुटवे आले ते आभाळ भरून यायला लागल्यावर. आधी दिसले काकूंना. त्या खिडकीतून अशा ओरडल्या, की मला वाटलं त्यांच्याकडे साप निघाला.

"नाना! अहो नाना! फुटलं!"

यात मला झाडापेक्षा दुसरीच गोष्ट नवीन होती. काकू आणि नाना एकमेकांशी हाका मारून बोलण्याइतके ओळखीचे कधी झाले? मग कळलं, की मी कामावर जाते तेव्हा ती बोडकी खिडकी मोकळीच असते. काकू आतून पेपर मोठ्याने वाचायच्या आणि नाना बाहेरून प्रत्येक बातमी खोडून काढायचे. काकूंना बऱ्याच वर्षांनी उलट बोलणारा विद्यार्थी मिळाला होता. कट्ट्यावरच्या लोकांची नानांना आता गरजच उरली नव्हती.

फुटवे निळ्या टोप्यांपाशी आलेच नाहीत. ते सगळे खालून, खोडापासून, एकाच ठिकाणाहून गर्दी करून आले. वरचे खुंट वाळले होते, ते करवतीने काढावे लागले. उरलेलं झाड आता झाड नव्हतं, झुडूप होतं. आणि नानांच्या हाताला पुन्हा खाज सुटली.

"विरळणी करावी लागंल. एवढ्या काड्या ठेवल्या तर एकीलाबी जोर येणार नाय."

"नाना, एक पानसुद्धा तोडायचं नाही."

"अगं, पण गुंता होईल!"

"गुंताच हवाय मला. तो पडदा आहे."

नवऱ्याला मत विचारलं. तो म्हणाला, बघू. शेवटी माझ्याच डोक्याने तोडगा काढला. कात्री माझ्या हातात राहील, नाना बोट दाखवतील, आणि पटलं तरच मी कापेन. एकेका काडीवर आमची पंचायत भरायची. "ही?" "राहू द्या." "ही आतल्या बाजूला वळलीय, बघ तरी." ती खरंच आत वळलेली असायची. मी कापायचे. असं करत करत रोज संध्याकाळी अर्धी बादली निघायला लागली, आणि मला कळलं की मी हरतेय, फक्त हप्त्याहप्त्याने.

एक दिवस खिडकीतून काकूंनीही बोट दाखवलं. "मधली काढा. मधे जरा मोकळं राहू दे, नानांशी बोलताना मान वाकडी करावी लागते."

"काकू, मुळात हे झाडच..." मी म्हटलं आणि थांबले.

"मुळात काय?"

"मुळात सावलीसाठी लावलंय."

"हो का?" काकू म्हणाल्या. त्या शाळेत शिकवत होत्या, हे मला त्या 'हो का'ने आठवलं. वर्गातल्या पोरांनी गृहपाठ घरी राहिल्याचं सांगितलं, की त्या असंच म्हणत असणार.

मधली काढली. आता कुंती दोन्ही बाजूंनी दाट आहे आणि मध्ये एक झरोका आहे, एक माणूस आरामात मावेल एवढा. त्यातून पेपर वाचला जातो. आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरचं सगळंही त्यातून अगदी नीट दिसतं.

ऑक्टोबरात पुतण्याचा फोन आला. "काका, छाटणीला मजूर मिळालेत, सुरुवात केलीय. या तुम्ही."

नाना त्याच दिवशी निघाले. बॅग भरायची नव्हतीच, भरलेलीच होती. परत कधी येणार विचारलं तर म्हणाले, "बघू." नवऱ्याचा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि तो कुठून आला ते कळलं.

"आता नाही येत ते," नवरा त्या रात्री म्हणाला. "छाटणीचा वास आला की त्यांना घर दिसत नाही. मग घड औषधात बुडवायचं डिपिंग, मग विरळणी, मग माल. तिथेच राहतील." त्या रात्री फोन त्याने उशाशीच ठेवला.

काकू रोज विचारायच्या, काही कळलं का? मी म्हणायचे, मजेत आहेत. फोनवर नाना 'मजेत हाय' असंच सांगत होते. घाईत असायचे, मागे मजुरांचे आवाज.

मग एका सकाळी पाणी देताना कुंतीच्या कोवळ्या फांद्यांखाली, पानांच्या मागे, पांढरं कापसासारखं काहीतरी दिसलं. ते काय असतं हे मला चांगलं माहीत होतं. जास्वंदीवर दर वर्षी येतं. मी आत जाऊन फवारायच्या बाटलीत साबणाचं पाणी भरलं. भरलेली बाटली ओट्यावर ठेवली. आणि नानांना फोन लावला.

"नाना, झाडावर पांढरं पांढरं आलंय. सगळीकडे. चिकट आहे."

"मिलीबग," नाना म्हणाले. मागचे आवाज बंद झाले, ते बाजूला गेले असावेत. "तू काय केलंस?"

"काही नाही. म्हटलं तुम्हाला विचारावं."

"हात लावू नको. काय मारूबी नको. मी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना रिक्षातून उतरले ते थेट झाडापाशी गेले. मी त्या दिवशी सुट्टी टाकली होती. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, फांद्या वाकवल्या, वरपासून खालपर्यंत तपासलं.

"हे? एवढंसं?" ते म्हणाले. "साबणाच्या पाण्यानं जातं हे."

"हो का?"

"तुला नाय माहीत?"

"तिला सगळं माहीत आहे," झरोक्यातून काकूंचा आवाज आला. "बाटली भरून ठेवलीय कालपासून ओट्यावर. मला दिसतेय ना इथून."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं.

"आण ती बाटली," नाना म्हणाले.

मी फांदी उलटी धरली, ते पानांच्या मागून फवारायला लागले. निम्मं पाणी माझ्या साडीवर. ते फवारत होते आणि बोलत होते, माझ्याशी की झाडाशी, सांगता यायचं नाही.

"मी पोचलो तवा पुतण्यानं निम्मी बाग छाटून काढली होती. मला विचारलं नाय, कुठं कापू म्हणून. मी खोट काढायला चार रांगा फिरलो."

"मग? सापडली?"

"नाय." त्यांनी दुसरी फांदी वाकवली. "बरं कापतो. माझ्यापेक्षा थोडं आखूड ठेवतो, पण बरं कापतो. मग मी नुसता बांधावर बसून होतो. मजुरांना चहा द्यायचं काम केलं."

"तेही कुणीतरी करायलाच हवं," मी म्हटलं.

"ते कुणीबी करंल." त्यांनी फवारा थांबवला. "फांदी नीट धर. खालची पानं राहिली. आणि पुढच्या वेळंला काय दिसलं तर थांबू नको, लगेच फोन कर."

"पुढच्या वेळेला फोन कशाला? तुम्ही इथे नसणार का?"

नाना खालच्या पानांवर फवारत राहिले. झरोक्यापलीकडे पेपरची घडी उलगडल्याचा आवाज आला आणि काकूंनी पहिली बातमी वाचायला सुरुवात केली. नानांनी ती अर्धी ऐकली.

"खोटं हाय ते," ते काकूंना म्हणाले. मग मला म्हणाले, "इथंच हाय मी. कुठं जातोय आता."

त्या संध्याकाळी त्यांनी बॅगेतले सदरे काढले आणि कपाटात कुठे ठेवायचे म्हणून विचारलं. मी वरचा कप्पा रिकामा करून दिला. त्यांना तो उंच पडतो म्हणाले, खालचा दे. खालच्यात नवऱ्याचे शर्ट होते. ते मी वर टाकले.